सुगंधाची विद्या

ज्ञानेंद्रियांत नाकाचा मान सर्वांत कमी. डोळ्यांसाठी चित्रकला आहे, कानांसाठी गायनकला आहे, जिभेसाठी पाकशास्त्र आहे. नाकाच्या वाट्याला मात्र वास चांगला की वाईट एवढे सांगण्याचेच काम आले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रंगांना आपण नावे दिली, स्वरांना दिली, चवींनाही दिली. वासाचे वर्णन करावयाचे म्हटले की 'गुलाबासारखा', 'कापरासारखा', 'ओल्या मातीसारखा' असा कोणाचा तरी आधार शोधावा लागतो. असे असूनही दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास आला की मागच्या सगळ्या दिवाळ्या एका क्षणात मनासमोर उभ्या राहतात, आणि पेटीच्या तळाशी ठेवलेली वाळकी बकुळीची फुले हाती आली की ज्यांनी ती ठेवली त्यांची आठवण होते. स्मृती जागी करण्याचे एवढे सामर्थ्य ज्या इंद्रियाच्या अंगी आहे, त्याची विद्या नसावी हे संभवत नाही. ती विद्या आहे. फार प्राचीन आहे. आणि तिचा एक महत्त्वाचा ग्रंथ आपल्या मराठी भाषेतील टीकेसह उपलब्ध आहे. त्या विद्येची ओळख विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आज सुगंधाचे नाव काढले की पुष्कळांस पॅरिस आठवते. तेथील उंची कपडे शिवणाऱ्या पेढ्यांची नावे काचेच्या लहानशा कुपीवर छापलेली असतात आणि त्या नावापायी कुपीची किंमत आकाशाला भिडते. पॉल प्वारे या शिवणकाराने १९११ मध्ये कपड्यांच्या जोडीला सुगंधी द्रव्ये विकण्यास आरंभ केला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२१ मध्ये, गाब्रिएल शानेल या बाईंनी 'शानेल क्रमांक ५' हे अत्तर बाजारात आणले आणि ते जगभर गाजले. बाईंचे नाव सर्वांस ठाऊक झाले. परंतु ते अत्तर प्रत्यक्ष ज्याने सिद्ध केले त्या एर्नेस्ट बो या सुगंधकाराचे नाव जाणकारांखेरीज फारसे कोणास माहीत नाही. कुपीवर पेढीचे नाव असते. कुपीतील विद्या मात्र शेतात फुले वेचणाऱ्याची, ती उकळणाऱ्याची आणि तराजू हातात धरणाऱ्याची असते. ही विद्या चार गोष्टींवर उभी आहे : द्रव्याची ओळख, सुगंध काढण्याची कृती, मिश्रणाचे माप आणि हे सारे लिहून ठेवण्याची शिस्त. या चार गोष्टी आपण क्रमाने पाहू.

प्रथम गंध म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सुवासिक पदार्थाचे अतिसूक्ष्म रेणू उडून हवेत मिसळतात, श्वासाबरोबर नाकाच्या वरच्या भागी पोहोचतात आणि तेथील संवेदनशील पेशींस स्पर्श करतात. मनुष्याच्या नाकात असे गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आहेत. एक गंध एकाच ग्राहकाला हलवीत नाही, तर कित्येकांना कमीअधिक प्रमाणात हलवितो, आणि त्या सर्वांच्या मेळातून मेंदू तो वास ओळखतो. पेटीच्या थोड्याशा पट्ट्यांतून असंख्य सुरावटी निघाव्यात तसाच हा प्रकार आहे. या ग्राहकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला व त्यासाठी २००४ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्व रेणू सारख्याच वेगाने उडत नाहीत. लिंबाच्या सालीचा वास चटकन येतो आणि चटकन जातो. जाईचा वास काही तास टिकतो. चंदनाचा आणि वाळ्याचा वास हळूहळू सुटतो व दिवसभर राहतो. म्हणून सुगंधकार अत्तराचे तीन थर मानतात. कुपी उघडताच येणारा तो मस्तकगंध, थोड्या वेळाने फुलणारा तो हृदयगंध आणि शेवटपर्यंत अंगावर राहणारा तो पायाचा गंध. पायाचे द्रव्य जड असते. ते स्वतः टिकते आणि हलक्या द्रव्यांनाही धरून ठेवते. घराच्या पायाकडे कोणी पाहत नाही, पण भिंती त्याच्या आधाराने उभ्या असतात, तशी चंदनाची गोष्ट आहे.

आता द्रव्यांकडे वळू. झाडाचा सुगंध नेहमी फुलातच असतो असे नाही, आणि हे शिकण्यासाठी आपल्या जांबोटीच्या परिसरासारखी दुसरी शाळा मिळणे कठीण. येथून कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरत गोव्यात जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या दोहों बाजूंचे सह्याद्रीचे रान म्हणजे सुगंधी द्रव्यांचे कोठारच होय. काही झाडांचा गंध फुलात असतो. सुरंगी हे त्यांतील पहिले नाव. वेंगुर्ले, सावंतवाडी आणि गोवा या बाजूंस वसंत ऋतूत सुरंगीचे वळेसर विकावयास येतात. ही फुले झाडाच्या फांद्यांना चिकटून दाटीने येतात. ती पहाटेच काढावी लागतात व त्यासाठी उंच झाडावर चढावे लागते. ती वाळविली तरी वास सोडीत नाहीत, म्हणून वाळलेल्या कळ्यांचाही व्यापार चालतो. बकुळीचे तेच. तिला कोकणात 'ओवळ' म्हणतात. फूल सुकून तपकिरी होते, परंतु वास वर्षभर राहतो. याच्या उलट सोनचाफ्याचे फूल. तोडल्यावर एकदोन दिवसांत त्याचे तेज आणि गंध दोन्ही उतरतात.

काही वनस्पतींचा गंध मुळांत असतो. वाळा हे वर पाहिले तर साधे गवत. त्याच्या मुळ्या मात्र उन्हाळ्यात पाण्याच्या माठात टाकतात, त्यांचे पडदे विणून दारांवर ओले करून टांगतात आणि त्यांचे तेल देशोदेशींच्या अत्तरांत पायाचे द्रव्य म्हणून वापरले जाते. नागरमोथा ही शेतकऱ्याला नको असलेली लव्हाळ्याच्या जातीची वनस्पती, पण तिची गाठ उटण्यात हटकून असते. गवला कचरी, कापूर कचरी, आंबेहळद हे सगळे भूमीखालचे कंद. काही झाडांचा गंध चिकात अथवा राळेत असतो. घाटातील धुपाच्या झाडाची राळ निखाऱ्यावर टाकली की देवघर भरून जाते. काहींचा पानांत असतो. दवणा हे त्याचे उत्तम उदाहरण. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर भाविक देवाला दवणा वाहतात हे आपणांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. तोच दवणा दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, शेतांत लावला जातो, फुलोऱ्यावर आला असता कापून त्याचे तेल काढतात, आणि ते तेल परदेशांतील सुगंधकारांकडे जाते. देवाच्या पायांवरची ती लहानशी जुडी आणि परदेशी अत्तराची कुपी यांचे नाते असे जवळचे आहे.

लाकडात गंध असणाऱ्या झाडांचा राजा म्हणजे चंदन. हे झाड मोठे चमत्कारिक आहे. ते हिरवे असते, स्वतःचे अन्नही काही प्रमाणात तयार करते. तथापि त्याच्या मुळ्या शेजारच्या झाडांच्या मुळ्यांना चिकटून त्यांतून पाणी व क्षार शोषून घेतात. शेजार नसेल तर चंदन वाढत नाही. त्याच्या बाहेरच्या लाकडाला वास नसतो. गंध असतो तो आतल्या गाभ्यात, आणि गाभा धरावयास पंधरावीस वर्षे तरी जावी लागतात. म्हैसूर संस्थानात टिपू सुलतानाच्या काळापासून चंदनावर सरकारचा मक्ता होता. २००१ मध्ये कर्नाटकाच्या वन कायद्यात बदल होऊन, आपल्या जमिनीतील चंदनाच्या झाडाची मालकी जमीनधारकास मिळाली. तोवर रानातील चंदनाची पुष्कळ हानी होऊन गेली होती. वीस वर्षांत सिद्ध होणारा गाभा एका रात्रीच्या कुऱ्हाडीने नाहीसा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या द्रव्याचे मोल केवळ पैशांत का मोजू नये ते कळते.

द्रव्य ओळखले म्हणजे दुसरा प्रश्न येतो : त्यातील सुगंध बाहेर कसा काढावयाचा? याची सर्वांत प्रसिद्ध देशी रीत उत्तर प्रदेशातील कनौज येथे आजही चालू आहे. तांब्याच्या मोठ्या भांड्यात, ज्याला तेथे 'देग' म्हणतात, फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपून टाकतात. झाकणातून एक बांबूची नळी निघते. ती 'भपका' नावाच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात उतरते, आणि हा भपका थंड पाण्याच्या हौदात बुडविलेला असतो. देगेखाली मंद आच लावली की फुलांतील सुगंध वाफेबरोबर नळीवाटे भपक्यात येतो व तेथे थंड होतो. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. ते फुलाचा गंध पिऊन घेते, आणि पाणी वेगळे काढता येते. आच किती ठेवावी, भपका केव्हा बदलावा हे कारागीर भांड्यावर हात ठेवून आणि आतला आवाज ऐकून ठरवितो. आच वाढली की फूल करपते आणि सारी मेहनत व्यर्थ जाते. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी तीन हजार किलोंहून अधिक फुले लागतात, एवढे सांगितले म्हणजे त्या मेहनतीची कल्पना येईल.

याच कनौजात मातीचेही अत्तर काढतात. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनाच्या तेलात उतरवितात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी, बेअर आणि थॉमस यांनी, या वासाचा अभ्यास करून त्यास 'पेट्रिकोर' असे नाव दिले, तेव्हा भारतातील या अत्तराची त्यांस दखल घ्यावी लागली. मातीतील सूक्ष्म जीव जे द्रव्य निर्माण करतात त्याचा या वासात मोठा वाटा असतो. मृगाच्या पहिल्या सरीने जांबोटीच्या लाल मातीतून जो वास उठतो त्याचे रहस्य ते हेच.

काही फुले वाफेचा ताप सोशीत नाहीत. मोगरा व जाई ही त्यांतील. त्यांच्यासाठी आपल्याकडे जुनी युक्ती अशी की तिळांचा थर आणि फुलांचा थर एकावर एक द्यावयाचा, फुले रोज बदलावयाची, आणि तिळांत पुरेसा वास भिनला की ते गाळावयाचे. हेच फुलेल तेल. फ्रान्सच्या दक्षिणेस ग्रास नावाचे गाव आहे. तेथील कारागीर पूर्वी काचेवर चरबीचा लेप देऊन त्यावर फुले पसरीत. तत्त्व एकच, आपल्याकडे तीळ, त्यांच्याकडे चरबी. आज ही दोन्ही कामे बहुतांशी रासायनिक द्रावकांनी होतात. ग्रास हे मूळचे चामडे कमावणाऱ्यांचे गाव. चामड्याच्या हातमोज्यांची दुर्गंधी जावी म्हणून त्यांना सुगंध देण्यास तेथे आरंभ झाला, आणि पुढे मोजे मागे पडून सुगंधच राहिला. 'शानेल क्रमांक ५' मध्ये पडणारी जाई याच गावच्या परिसरात पिकते. ती पहाटे हातांनी वेचावी लागते आणि एक किलो भरण्यास काही हजार फुले लागतात. तेथील लोकांच्या या पिढीजात कौशल्यास युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

एर्नेस्ट बो याने त्या जाईबरोबर प्रयोगशाळेत तयार केलेली 'आल्डिहाइड' नावाची द्रव्ये सढळ हाताने वापरली, आणि त्यामुळे ते अत्तर कोणत्याही एका फुलासारखे वाटेना. येथे कित्येकांच्या मनात शंका येईल की, प्रयोगशाळेतील सुगंध म्हणजे फसवणूक तर नव्हे? तसे समजण्याचे कारण नाही. १८६८ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने वाळलेल्या गवताचा वास देणारे कुमारिन प्रयोगशाळेत बनविले, तेव्हापासून सुगंधकाराची द्रव्ये वाढली. कस्तुरीसाठी एके काळी कस्तुरीमृग मारले जात. आज कृत्रिम कस्तुरीमुळे त्या निरपराध प्राण्यावाचून अत्तर होऊ शकते. खरी फसवणूक होते ती कृत्रिम द्रव्य नैसर्गिक म्हणून विकले जाते तेव्हा.

आता तिसरी गोष्ट, माप. येथे आपण आपल्या प्राचीन ग्रंथांकडे आलो. इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिर या ज्योतिषाचार्याने 'बृहत्संहिता' रचली. तीत 'गंधयुक्ती' नावाचा एक अध्याय आहे. त्यात त्याने सोळा सुगंधी द्रव्ये सोळा घरांच्या चौकटीत मांडून प्रत्येकाचे भाग सांगितले आहेत. ती चौकट अशी :

२   ३   ५   ८
५   ८   २   ३
४   १   ७   ६
७   ६   ४   १

पहिल्या ओळीतील पहिले घर अगरूचे, दुसऱ्या ओळीतील दुसरे नागरमोथ्याचे, तिसऱ्या ओळीतील तिसरे तगराचे, चौथ्या ओळीतील पहिले चंदनाचे. अशी प्रत्येक घराला वस्तू ठरलेली आहे. कोणतीही आडवी ओळ घ्या, उभी ओळ घ्या, तिरकी ओळ घ्या, बेरीज अठराच येते. कोपऱ्यातील चार घरांचा चौकोन घेतला तरी अठराच. सुगंधकाराने अशी कोणतीही चार द्रव्ये त्या त्या भागांनी मिसळावीत, म्हणजे उत्तम सुगंध सिद्ध होतो, असे आचार्याचे सांगणे. गणिताच्या वहीत ज्याला आपण जादूचा चौरस म्हणतो, तो येथे गंध्याच्या दुकानात तराजूशेजारी ठेवलेला दिसतो.

वराहमिहिर एवढ्यावर थांबत नाही. सोळा द्रव्यांतून चार चार निवडावयाची तर किती चौकड्या होतील? तो उत्तर देतो, १८२०. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे : १६, १५, १४ आणि १३ यांचा गुणाकार करून त्यास २४ ने भागावे. पुढे प्रत्येक चौकडीचे, मापे बदलून, ९६ प्रकार धरून तो एकूण १,७४,७२० सुगंधांची संख्या सांगतो. सुगंध हा केवळ विलासाचा विषय असता तर त्यासाठी एवढे गणित कोणी केले असते काय?

त्यानंतर सुमारे सहा शतकांनी कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर हा राजा झाला. आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी ज्यांच्या सत्तेखाली होती ते गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत सर्व विषय त्यात आहेत, आणि त्यांतच स्नान, विलेपन व धूप यांचे स्वतंत्र विवेचन आहे. कोणत्या ऋतूत अंगास कोणती उटी लावावी हेही राजाने सांगितले आहे. पुढे विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी, १६०० च्या आगेमागे, निजामुद्दीन महमूद याने 'इत्र-इ-नौरसशाही' नावाचा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ लिहिला. धर्म बदलला, राज्य बदलले, दरबाराची भाषा बदलली. दक्षिणेच्या भूमीवरील ही विद्या मात्र हातातून हातात जात राहिली.

या परंपरेतील आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दुवा आता सांगावयाचा आहे. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले. तेथील ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) हे कोकणातील देवरुखचे. हजारो हस्तलिखितांच्या सहवासात त्यांनी आयुष्य घालविले आणि दैनंदिन जीवनातील वस्तूंचा इतिहास त्यांतून शोधून काढला. त्यांना एका हस्तलिखितात दोन ग्रंथ आढळले. एक गंगाधर नावाच्या पंडिताचा 'गंधसार', आणि दुसरा 'गंधवाद'. या दोन्हींची माहिती त्यांनी १९४५ च्या सुमारास विद्वानांपुढे मांडली. नवल असे की 'गंधवादा'वर मराठी टीका होती. तिचा काळ गोडे यांनी सुमारे १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरविला. टीकाकाराचे नाव आपणांस ठाऊक नाही. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले.

'गंधसारा'त सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. चूर्णास सुगंधी रसात भिजवून मुरवणे ती भावना. भांड्यात, पानांत गुंडाळून अथवा खड्ड्यात पुरून अग्नीने सिद्ध करणे ते पाचन. दबलेला गंध जागा करणे तो बोध. तीव्र द्रव्याचा किंचित अंश घालून साऱ्या मिश्रणात त्याचा गंध भिनविणे तो वेध. धुरी देणे ते धूपन. आणि फुलांच्या सहवासात ठेवून वास लावणे ती वासना. 'वासना' हा शब्द आपण मनाच्या इच्छेसाठी वापरतो. फुले निघून जातात आणि तिळांत त्यांचा वास मागे राहतो, तसा अनुभव निघून जातो व मनात त्याची छाप राहते. तत्त्वज्ञांनी हा दृष्टान्त वारंवार योजलेला आहे. गंध्याच्या कामातील शब्द असा तत्त्वज्ञानात जाऊन बसला.

आता त्या अनामिक मराठी टीकाकाराकडे क्षणभर पाहू. त्या काळी शास्त्राची भाषा संस्कृत होती. द्रव्यांची नावे संस्कृतात, कृती श्लोकांत, आणि पुष्कळ वेळा मुद्दाम गूढ केलेली, कारण व्यापाराचे मर्म शेजाऱ्याला कळू नये अशी सर्वच कारागिरांची इच्छा असते. पॅरिसच्या पेढ्याही आपल्या अत्तराची मापे तिजोरीत ठेवतात. अशा वेळी कोणा एकाने बसून त्या श्लोकांचा अर्थ मराठीत लिहिला. संस्कृत न जाणणाऱ्या गंध्याला, वैद्याला, पुजाऱ्याला हे कळावे, एवढ्यासाठीच त्याने हे केले असावे असे दिसते. त्याने नवे अत्तर शोधले नाही की राजाची मर्जी संपादन केली नाही. त्याने फक्त ज्ञान आपल्या लोकांच्या भाषेत आणून ठेवले. पाचसहाशे वर्षांनी आपण त्याची आठवण काढतो ती याच एका कामासाठी.

ही विद्या आपल्या प्रांतात अगदीच लोपली असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात चंदनाचे लाकूड युरोपात जाईनासे झाले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने महाराज चौथे कृष्णराज वोडेयार व दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात, १९१६ मध्ये, स्वतःच चंदनतेल काढण्यास सुरुवात केली. म्हैसूर सँडल साबण हे त्याच उद्योगाचे फळ. अडचण आली तेव्हा कच्चा माल कुजवीत न बसता त्यांनी विद्या घरी आणली. मुंबईत १९२२ मध्ये एस. एच. केळकर आणि कंपनी ही मराठी माणसांची सुगंधी द्रव्यांची पेढी निघाली व पुढे मुलुंड येथे तिचा विस्तार झाला. साबण, केशतेल, अगरबत्ती अशा घरोघरच्या वस्तूंना लागणारे सुगंध ती तयार करते, म्हणून तिचे नाव वस्तूवर दिसत नाही. वास मात्र आपण घेतलेला असतो. कृत्रिम कस्तुरी बनविणारी नेदरलँड्समधील एक कंपनीही तिने विकत घेतली. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात, जे केळकर शिक्षण संस्थेने १९८४ मध्ये सुरू केले, सुगंध आणि प्रसाधने या विषयाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. ज्यांस रसायनशास्त्राची आवड आहे आणि ज्यांचे नाक तीक्ष्ण आहे, त्या विद्यार्थ्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

तरीही एक चिंता उरते. रानातील द्रव्य ओळखणारी माणसे कमी होत आहेत. सुरंगीच्या झाडावर चढणारे, धुपाची राळ झाडाला इजा न करता काढणारे, वाळ्याच्या मुळीचा वास घेऊन ती कोणत्या जमिनीतली ते सांगणारे, यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते त्यांच्या बोलीत आहे. वासाला स्वतःचे नाव नसते असे आरंभी म्हटले. परंतु आपल्या आजीच्या तोंडचे शब्द आठवून पाहा. खमंग, खरपूस, करपट, कुबट, कोंदट, आंबूस, उग्र, दर्प, दरवळ, घमघमाट, परिमळ. आमच्या कोंकणीत या शेवटच्या शब्दाला 'परमळ' म्हणतात. एवढे शब्द ज्या भाषांनी घडविले, त्या बोलणाऱ्यांची नाके निश्चितच शिकलेली होती. शब्द विसरला की तो भेद जाणण्याची शक्तीही हळूहळू बोथट होते, आणि मग प्रत्येक वास एक तर 'छान' होतो नाही तर 'घाण'.

सीमेवरच्या आपल्या या मुलखात एकाच झाडाला मराठीत एक, कोंकणीत दुसरे आणि कन्नडात तिसरे नाव असते. ही अडचण नसून संपत्ती आहे. कारण प्रत्येक नावाबरोबर त्या लोकांनी केलेला त्या झाडाचा उपयोग जतन झालेला असतो. तेव्हा माझी विद्यार्थ्यांस अशी सूचना आहे की प्रत्येकाने एक लहानशी वही करावी. परिसरातील प्रत्येक सुवासिक झाड, गवत, कंद आणि राळ यांची तीनही भाषांतील नावे तीत लिहावीत. कोणता भाग सुगंधी, तो कोणत्या महिन्यात काढतात, कशात घालतात, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून टिपावे. आईच्या उटण्याचे, आजोबांच्या धुपाचे माप विचारावे आणि 'अंदाजाने' असे उत्तर आले तर त्यांच्या हातची मूठ तराजूत घालून पाहावी. पालकांनीही यास थोडा वेळ द्यावा. मुलांना सांगण्याजोगे आपल्यापाशी काही नाही असे पुष्कळांना वाटते; त्यांनी स्वतःच्या फडताळातील डबे उघडून पाहावेत.

पॅरिसची कुपी ज्यांना परवडेल त्यांनी ती खुशाल घ्यावी. त्यात गैर काही नाही. परंतु त्या कुपीच्या तळाशी असलेला चंदनाचा, वाळ्याचा आणि दवण्याचा गंध आपल्या भूमीने जगाला दिलेला आहे, हे ज्याला माहीत आहे त्यालाच तिचा वास पुरा येईल. आणि हे माहीत होण्यासाठी कोणी तरी ते आपल्या भाषेत लिहून ठेवावे लागते. पाच शतकांपूर्वी एका मराठी माणसाने ते काम केले. त्याच्यापुढचे पान आता तुमच्या वहीत आहे.